धंतोलीच्या वाटेचे नऊ फोटो

शरच्चंद्र देशकरांचा फोटो स्टुडिओ धंतोलीत होता. तिथे फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा पत्ता विचारणारेच जास्त. आजूबाजूला सगळे दवाखाने. यवतमाळ, वणी, गडचिरोलीकडची माणसं एसटीतून उतरत आणि डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी धरून जे दार उघडं दिसेल त्यात शिरत. शरच्चंद्र डार्करूममधून हात पुसत बाहेर येत, वाट सांगत. पाच मिनिटांनी तीच माणसं उलट्या दिशेनं जाताना दिसत.

१९७४ साली सीताबर्डीच्या फुटपाथवर रद्दीच्या ढिगात त्यांना एक जुनं अमेरिकन पुस्तक सापडलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं, मोटारवाल्यांसाठी काढलेलं. त्यात नकाशे फारसे नव्हते, फोटोच फोटो होते. शिकागोहून मिलवॉकीला जाताना जिथे जिथे वळायचं, त्या प्रत्येक जागेचा एक फोटो आणि त्यातल्या रस्त्यावर छापलेला बाण. तेव्हा तिकडे रस्त्यांना नंबर नव्हते, पाट्याही क्वचितच. म्हणून कोणीतरी मोटार घेऊन निघालं होतं आणि फाट्याफाट्यावर उतरून फोटो काढत गेलं होतं. फोटो अगदीच सुमार होते, आभाळ पांढरंफटक, खाली नुसता चिखल. शरच्चंद्रांना ते खटकलं. पण वळायचं कुठे, हे मात्र लगेच कळत होतं.

"अमेरिकेला जायचा बेत आहे का?" पत्नी चारुशीलाने विचारलं.

"गेलोच तर मिलवॉकीपर्यंत चुकणार नाही," ते म्हणाले.

दिवाळीनंतर दारव्ह्याकडची एक बाई नवऱ्याचा हात धरून स्टुडिओत आली. तिचं नाव गोपिका, नवऱ्याचं रुपराव. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"भाऊ, डोळ्याचा दवाखाना कुठी हाये? तिसऱ्या खेपेनं इथूनच चाल्ली मी."

"चिठ्ठी असेल ना?"

"हाये ना. यायले वाचता येते, पन दिसत नाही. मले दिसते, पन वाचता येत नाही."

शरच्चंद्रांनी स्टुडिओ बंद केला आणि दोघांना दवाखान्यात नेऊन पोचवलं. रुपरावला ऑपरेशनसाठी ठेवून घेतलं. पुढे तपासणीला बरेचदा यावं लागणार होतं. पुढच्याच रविवारी शरच्चंद्र कॅमेरा घेऊन एसटी स्टँडवर गेले आणि तिथून चालत निघाले. कॉटन मार्केटचा कोपरा, लोहापूल, धंतोलीची वळणं, असे त्यांनी दवाखान्याच्या फाटकापर्यंत नऊ फोटो काढले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं बाण काढला, मागे पुठ्ठा लावून कडा दोऱ्यानं शिवल्या. रुपरावला दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर गावी निघालेल्या गोपिकाच्या हातात त्यांनी ते ठेवले.

महिन्यानं ती रुपरावला घेऊन परत आली, ती दुपार उलटून गेल्यावर. तिनं पाचवा फोटो टेबलावर ठेवला.

"भाऊ, ह्याच्यात चहाची टपरी हाये. ती आता नाही तिथं. मी दुसरीच टपरी पाहून वळली. रेल्वेच्या लाइनीपाशी जाऊन पोचलो आमी."

शरच्चंद्र ओशाळले. टपरी त्यांनी फोटोत घेतली होती ती सकाळच्या उन्हात केटलीची वाफ छान दिसत होती म्हणून. त्यांनी रुपरावला चारुशीलाजवळ बसवलं आणि गोपिकाला घेऊन ती वाट पुन्हा चालायला निघाले.

"तुम्ही कशावरून ओळखता वाट?" त्यांनी विचारलं.

तिनं पुलाचा दगडी खांब दाखवला, देवळाची पायरी दाखवली, एक पिंपळ दाखवला. मग म्हणाली, "तुमी रस्त्याच्या मधात उभं राहून फोटो काढता. मी कडेनं चालते. मले असं दिसतच नाही. अन् वापस जायचे फोटो कुठी हायेत? उलटं तोंड केलं का सारंच वेगळं दिसते, भाऊ."

घरी येऊन त्यांनी ते पुस्तक काढलं. त्यात मिलवॉकीहून शिकागोला परत यायचा भाग वेगळा होता, वेगळ्या फोटोंचा. इतके दिवस त्यांनी तो उगाच जागा भरायला घातलाय असं समजून सोडून दिला होता.

नवे फोटो अठरा झाले. ते त्यांनी कडेनं चालत, गोपिकाच्या उंचीवर कॅमेरा धरून काढले. त्यानंतर ती चुकली नाही. फाल्गुनात रुपरावला जाड भिंगाचा चष्मा मिळाला आणि दोघं स्टुडिओत आले. रुपराव खिडकीपाशी बसून एकेक फोटो निरखत राहिला. मोटारी, हातगाड्या, बैलबंड्या, सायकलींची गर्दी.

"एवढ्या गर्दीतून आणत होती तू मले?" तो बायकोला म्हणाला.

"मंग? तुमी तर म्हणत होते, जल्दी चाल."

तो हसला नाही. त्यानं फोटो नीट क्रमानं लावले आणि तिच्या पिशवीत ठेवले.

निघताना गोपिकानं अजून एक संच मागितला. शेजारच्या प्रयागबाईला सुनेला घेऊन यायचं होतं. मग दुसऱ्या गावातून कोणी मागितला, एका कंपाउंडरनं दोन नेले. शरच्चंद्र दर सहा महिन्यांनी ती वाट चालत आणि जे बदललं असेल त्याचा फोटो नव्यानं काढत. चारुशीला कडा शिवून देई. कधी पोस्टानं जुना संच परत येई, सोबत दुसऱ्याच कोणाच्या हातची चिठ्ठी, की अमक्या कोपऱ्यावर आता भिंत घातली आहे. ते जाऊन खात्री करून येत. बहुतेक वेळा चिठ्ठी खरी निघे.

१९८२ च्या सुमारास स्टँडवर ऑटो वाढले. डॉक्टरचं नाव सांगितलं की ऑटोवाला दारात नेऊन सोडू लागला, आणि फोटो मागणारे कमी होत गेले. शरच्चंद्रांचे गुडघेही दुखू लागले होते. शेवटचा संच त्यांनी वणीच्या एका म्हाताऱ्याला दिला, ज्याचा ऑटोवाल्यांवर विश्वास नव्हता.