शेवटची दहा मिनिटं

हेडली ग्रँटने आपल्या फुटबॉल क्लबचे सामने चाळीस वर्षं पाहिले, पण एकाही सामन्याची शेवटची दहा मिनिटं पाहिली नाहीत. १९७९ साली मैदानाबाहेर त्याच्याच क्लबचे मफलर घातलेल्या गोऱ्या पोरांनी "जा आपल्या देशात" म्हणत या काळ्या माणसाचा जबडा मोडला होता. तेव्हापासून ऐंशीव्या मिनिटाला तो उठायचा आणि गर्दी बाहेर पडायच्या आत घर गाठायचा.

हेडलीचा जन्म सिटी बस चालवण्यात गेला. स्टँडमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणारा गोरा नॉर्मन एकोणीस वर्षं त्याच्याच थर्मासमधला चहा पीत आला होता. हेडली उठला की "सुटली का तुझी बस?" हा त्याचा ठरलेला टोमणा.

गेल्या मे महिन्यात वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचा निर्णायक सामना होता. "आज तरी बस रे, म्हाताऱ्या. मी आहे ना सोबत," नॉर्मन म्हणाला. हेडली बसला.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला त्यांच्याच संघातल्या काळ्या पोराने पेनल्टी बाहेर मारली. त्याच्या रंगावरून हिणवत स्टँडमधून माकडांचे आवाज उठले. त्यातला सगळ्यात जवळचा आवाज नॉर्मनचा होता.

मग नॉर्मनच्या लक्षात आलं. "तुला नाही रे म्हणत, हेडली. तू आपला माणूस."

हेडलीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. शिट्टी होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. ज्याला चुकवायला तो इतकी वर्षं लवकर निघत होता, ते फक्त बाहेरच नव्हतं.