चावण्यासारखं काहीतरी

बाटल्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळे ‘ताई’ म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा पहारेकरीसुद्धा. ताईचं वजन एकशे अठ्ठावीस किलो. गुडघ्यांनी दगा दिला, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. ऑपरेशनची तिला भीती वाटली नाही. पण त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ प्यायचे, चावायचं काहीच नाही, हे ऐकून मात्र ती हबकली.

“मन वरखाली होईल,” दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. “चिडाल, रडाल. कशानं झालं ते वहीत लिहा.”

“मी आणि रडणार?” ताई हसली. “रोज दहा किलो कांदा चिरते, बाई. डोळ्यांत पाणी उरलंय कुठे?”

तिसऱ्याच दिवशी तिचा तोल सुटला. चव घेणं बंद, म्हणून तिनं कँटीनची कोठी सांभाळणाऱ्या भांडारवाल्याला बोलावून बटाट्याच्या सुपाचा चमचा त्याच्या हातात दिला.

“मीठ कसंय?”

“ठीक आहे.”

“ठीक म्हणजे काय? कमी की जास्त? तोंडात जीभ आहे की चामडं?”

बारा वर्षांत ताई त्याच्याशी असं बोलली नव्हती. तो चमचा ठेवून निघून गेला. ताई कोठीत जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. वहीत तिनं लिहिलं : ‘भांडारवाल्यावर ओरडले. कारण : त्यानं चमचा चाटूनपुसून साफ केला.’

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची. रोज सातला दोघी खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी बसत, जेवता जेवता दिवसभराच्या गोष्टी सांगत, ताट वाळेपर्यंत उठत नसत. पण पातळाचे दिवस सुरू झाले आणि धाकटी रोज म्हणू लागली, “मी बाहेरच खाऊन आले.”

नवव्या दिवशी ताईला गॅलरीतून कुरकुर आवाज आला. वाळत घातलेल्या चादरीमागे धाकटी उभ्यानं भाजलेला पाव खात होती. गालावर चुरा, डोळ्यांत धसका.

“चोर आहेस का तू?” ताई कडाडली.

“मग काय करू?” धाकटीचाही बांध फुटला. “तुझ्यासमोर खाल्लं तर तुझा जीव खालीवर होतो. लपून खाल्लं तर मी चोर. कशी वागू, ते तरी सांग!”

ताईनं चादर बाजूला सारली. मग ती हळूच म्हणाली, “पाव मला हवाय गं, जीव टाकावा इतका हवाय. पण त्याहून... संध्याकाळी समोरची खुर्ची रिकामी असते ना, ती सोसवत नाही.”

धाकटी पाव घेऊन टेबलाशी आली. ताईनं आपला पातळ सुपाचा पेला पुढ्यात ओढला.

“सावकाश खा,” ती म्हणाली. “कडा शेवटी.”

कडेचा कुरकुरीत आवाज ती कान देऊन ऐकत राहिली. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. धाकटीनं खाणं थांबवलं नाही, हे तिनं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं भांडारवाल्याची माफी मागितली.

“खारट होतं,” तो खाली मान घालून म्हणाला. “तुमची धास्ती वाटली.”

दोघं इतकी हसली की पहारेकरी डोकावून गेला.

ऑपरेशन नीट झालं. चार महिन्यांत एकतीस किलो उतरले. ताई दोन जिने न थांबता चढू लागली, रात्री शांत झोपू लागली. चार चमचे मऊ बटाटा खाल्ला की पोट गच्च भरतं. भूक अशी लागतच नाही.

“मग आता काही त्रास?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

ताईनं मांडीवरची वही मिटली.

“त्रास नाही. पण सगळे जेवत असले की वाटतं, आपलं कुणीतरी फार लांब राहायला गेलंय. खुशाल आहे, पण परत येणार नाही.”