जोडाखालचा डाग

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एक ताई पाण्याने थंड राहणारे कॉम्प्युटर जोडतात. नळ्यांच्या प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून आधी दिवसभर नुसता पंप चालवतात. बोलतानाही नजर त्या कागदांवरच असते.

तापून बंद पडायचा म्हणून त्यांच्याकडे दिलेला माझा कॉम्प्युटर न्यायला गेलो, तर एका कागदावर तिळाएवढा ओला डाग होता.

"पुसून द्या ना, मला घाई आहे," मी म्हणालो.

"नाही दादा. जोड मी बसवलाय, चुकी माझी. चालू मशीनवर हे पाणी सांडलं तर सगळं जळेल."

त्यांनी पाणी काढून जोड नव्याने बसवला. दोन दिवसांनी सगळे कागद कोरडे निघाले.

शेअर रिक्षात माझ्या मांडीवरचा कॉम्प्युटर बघून शेजारी बसलेल्याने विचारलं, "मुंबईवरून आणला काय?"

"नाय हो," मी ऐटीत म्हणालो, "आमच्या उल्हासनगरच्या ताईंनी जोडलाय."