सीताफळांच्या वाटेवर

रुपरावांनी एकतीस वर्षं नागपूर-उमरेड एसटी चालवली, पण रस्त्याकडेच्या त्या जंगलात कधी पाय ठेवला नव्हता. एकदा अस्वलानं चेहरा फाडलेल्या गुराख्याला त्यांनीच गाडीतून दवाखान्यात पोचवलं होतं. तेव्हापासून जंगलाचं नाव काढलं की ते विषय बदलायचे.

बायको कुसुमताई मात्र जंगलाकाठच्या गावची. रुपराव निवृत्त झाले, तेव्हा कोजागिरी आटोपताच ती त्यांना नागपूरच्या महाल भागातल्या घरून माहेरी घेऊन गेली. सकाळी म्हणाली, "चला जी, सीताफळं आणू. नाल्यापर्यंतच जाऊ."

नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून ते निघाले.

ऊन कोवळं होतं. कमरेएवढं गवत पिवळं पडत चाललेलं, त्यावर दवानं भिजलेली कोळ्यांची जाळी. सागाची पानं किडीनं खाऊन नुसत्या शिरा उरल्या होत्या, त्यातून आभाळ दिसत होतं. रुपराव बघतच राहिले. एवढी वर्षं आपण फक्त डांबर पाहिलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वर वानर खाकरलं. पुन्हा खाकरलं. मग सगळं गप्प झालं.

कुसुमताई पुढच्या वळणाआड गेली होती. "कुसुम!" त्यांनी दबकत हाक मारली. उत्तर नाही. गाव मागे होतं, पाय तिकडेच ओढत होते, तरी ते वळणाकडे गेले.

ती खांबासारखी उभी होती. एक हात पाठीमागे करून 'थांबा' म्हणून खुणावत होती. पंधरा पावलांवर सीताफळाच्या झाडाखाली काळा ढीग हलला. अस्वल. शेजारी पिल्लू. फळ खाता खाता अस्वलानं मान उचलली आणि फुसफुसून हवा हुंगली.

रुपरावांच्या डोळ्यांपुढे गुराख्याचा चेहरा आला. ते एकेक पाऊल टाकत तिच्यापर्यंत गेले आणि तिचं कोपर धरलं.

"पळू नका जी," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "मांगंच सरका."

दोघं मागे सरकू लागले. एकतीस वर्षांत रुपरावांनी गाडीही इतकी हळू मागे घेतली नव्हती. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. रुपरावांनी डोळे मिटले. काडी मोडल्याचा आवाज झाला, मग दुसरा, जरा लांब. डोळे उघडले तर गवत नुसतं हलत होतं.

गावच्या हातपंपाशी ते मटकन बसले. कुसुमताईला तिथं रडू फुटलं.

"तुम्ही काहून आले पुढं? गावाकडं निघून जायचं होतं नं!"

"तुले सोडून कुठं जाऊ वं?"

परतीच्या गाडीत जंगल लागताच भर उन्हात त्यांनी खिडकीची काच लावून घेतली.

कुसुमताई अजूनही दर आश्विनात सीताफळांना जाते. सोबत वहिनी आणि चार बाया, हातात काठ्या, वाजवायला डबा. रुपराव मेहुण्याच्या ओसरीवर बसून राहतात. चहा दिला तर पेला हातातच राहतो. बायांचा आवाज वाटेवर ऐकू येईपर्यंत ते कोणाशी बोलत नाहीत.