गाढवीचं कोमट पाणी

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, राग नव्हता, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्यानं सुनेला तोंडावर काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते सासूमार्फत. आमच्या घरात अडचण एवढीच होती की सासू नव्हती. ती माझ्या लग्नाआधीच वारली होती. नवरा तुळशीची लग्नं उरकली की जालन्याला जिनिंगमध्ये हंगामाच्या कामाला जायचा, तो कापूस संपेपर्यंत तिकडेच. मागं उरलो आम्ही दोघं एकमेकांशी न बोलणारी माणसं आणि दावणीला गाढवं.

मग सासरे गाढवांशी बोलत. त्यातल्या त्यात एका म्हाताऱ्या गाढवीशी. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे लेकीच्या जागी ही गाढवी होती. भाकरी करपली की ते तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारायचे, आज तवा लई तापला व्हता का गं म्हातारे. मी आतून चुलीला सांगायची की सरपण ओलं आहे, त्याला मी तरी काय करणार. थोड्या वेळानं दाराशी वाळक्या तुऱ्हाट्यांची मोळी येऊन पडायची. असा आमचा संसार चालला होता, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ बोलणाऱ्या घरांपेक्षा बरा चालला होता.

सुरुवातीला मात्र मी धुसफुसत असे. माझं माहेर मंठ्याकडचं. आम्हीही कुंभारच, पण वडील कौलं पाडायचे आणि माती आणायला आमच्याकडे बैलगाडी होती. इथं केदारखेड्याच्या अलीकडे, पूर्णेच्या काठाला, गाढवांशिवाय पान हलत नव्हतं. नदीची माती त्यांच्या पाठीवर, बाजाराला मडकी त्यांच्या पाठीवर, आणि त्यांची लीद मातीत मळायला. ती लीद गोळा करणार कोण? शेजारी राहणारी चुलत सासू पहिल्याच आठवड्यात हसत म्हणाली होती की कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच. मला तेव्हा तिचा इतका संताप आला की मी दिवसभर नाकाला पदर लावून फिरले. संध्याकाळी मुकाट्यानं पाटी उचलली.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, नदीला पुन्हा पाणी होतं, आणि पहाटे त्या पाण्यावरून धुकं उठून वर आमच्या अंगणात यायचं. ते आलं की काहीच सरळ दिसत नसे. आधी गाढवांचे कान दिसायचे, मग पाठीवर शिवलेली गोणपाटं, आणि पाय तर दिसायचेच नाहीत. मी अर्धवट झोपेत भुसाची पाटी घेऊन बाहेर पडायची. तुरीचं भूस आणि कडब्याची कुट्टी, त्यावर मिठाच्या पाण्याचा हात. गाढवं खायला लागली की कुरुम कुरुम आवाज धुक्यातून सगळीकडून यायचा, मग नदीच्या बाजूनं कुठल्याशा पाखराची लांब शीळ यायची, आणि मला वाटायचं की मी अजून उठलेच नाही, माहेरच्या माजघरात गोधडीत आहे आणि हे सगळं झोपेत चाललंय. मला तो वेळ फार आवडायला लागला होता. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

पाणी पाजणं मात्र सासऱ्यांचं काम. गाढवाबद्दल लोक काहीही बोलोत, ते उकिरड्यावर लोळेल पण पाणी निवळच पिणार. त्यात थंडीत गार पाणी पुढं केलं की म्हातारी नुसतं नाक लावायची आणि मान वळवायची. म्हणून सासरे आव्याच्या, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीच्या राखेत पाण्याचे डेरे पुरून ठेवत. आवा विझला तरी राखेत धग टिकते. पहाटे त्यातून वाफाळतं पाणी निघायचं, गार पाण्यात मिसळून ते कोमट करायचं आणि मगच गाढवांपुढं धरायचं. आणि सून? सून रांजणातल्या गार पाण्यानं अंघोळ करायची. दात वाजवत मी एकदा चुलीला मोठ्यानं विचारलं की या घरात माणसाला गाढवाचा जन्म मिळायला काय नवस बोलावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून न्हाणीच्या दाराशी एक डेरा गरम पाणी असायचं. त्याबद्दल आमच्यात ना चुलीमार्फत काही बोलणं झालं, ना गाढवीमार्फत.

पुसाच्या महिन्यात सुगडांची घाई असते. संक्रांतीला घरोघरी सुगडं लागतात, आणि पहाट-दुपार काही न बघता चाक फिरत राहतं. त्या घाईतच सासऱ्यांच्या छातीत कफ धरला. शेवटचा आवा कसाबसा उघडला आणि ते ओसरीवरच्या बाजेवर जे आडवे झाले ते उठेनात. सुगडं गाढवांवर लादून चुलत सासरे बाजार करत करत लांब गेले. म्हातारी तेवढी मागं राहिली, कारण ती गाभण होती. तिचे दिवस भरत आले होते.

आणि नेमकं तिनं पाणी प्यायचं सोडलं.

पहिल्या दिवशी मला काही वाटलं नाही. थंडी आहे, पिईल दुपारी. दुपारीही प्यायली नाही. सासरे बाजेवरून तिला समजावत होते, म्हणजे मला. मी त्यांच्या सांगण्याबरहुकूम डेरा राखेतून काढला, पाणी कोपरानं तपासलं, बादली घासून घासून धुतली, ती वाऱ्याच्या आडोशाला ठेवली. म्हातारी पाण्यात आपलं तोंड बघितल्यासारखी बघायची आणि मान फिरवायची. मी सांजच्याला गूळ कालवून पाहिला. गाढवाला गुळाची चव काय असं ज्यानं म्हटलं त्यानं गाढव पाळलेलं नसणार. तिनं माझ्या तळहातावरचा गूळ चाटूनपुसून खाल्ला आणि गुळाच्या पाण्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी तिनं भूसही टाकलं. ती मान खाली घालून पोटाकडे वळून वळून बघत होती. पोटात सुकी वैरण आणि वर पाणी नाही, असा बंध पडला की गाढव लोळून लोळून मरतं, हे मला चुलत सासूनं सांगितलं. गुरांचा दवाखाना भोकरदनला, आणि तिला तिथवर चालवत नेणं म्हणजे वाटेतच मारणं. चुलत सासूनं तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्याकडे बघितलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी खरंच धरले. खुरं चोळली, पोट चोळलं, तिच्या कानात वाटेल ते बोलले.

ती जगावी असं मला का वाटत होतं ते मी लपवणार नाही. ती सासूनं शिंगरू असल्यापासून वाढवलेली होती. दुसऱ्या कुठल्या गाढवाशी सासरे दोन शब्दांच्या पुढं बोलत नसत. ती गेली असती तर पोटातलं शिंगरू गेलं असतं, ते होतंच. पण त्या घरातलं बोलणंही गेलं असतं. म्हातारा ओसरीवर गप्प आणि मी चुलीपुढं गप्प, असा सगळा हिवाळा मला समोर दिसायला लागला आणि मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उशिरापर्यंत हललं नाही. मी बादली धरून तिच्यापुढं बसले होते. मागं ओसरीवर हालचाल झाली म्हणून पदराआडून पाहिलं. सासरे कोपरावर उठून बसले होते आणि त्यांनी ओठांचा चंबू केला होता. त्यातून नुसता वारा निघाला. पुन्हा केला, पुन्हा वारा, आणि मग खोकल्याची अशी उबळ आली की ते वाकून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहाटे अर्धवट झोपेत रोज ऐकू यायची ती शीळ. हलकी, लांब, वर चढून सावकाश उतरणारी. मला ती नदीकडून येणाऱ्या एखाद्या पाखराची वाटायची. ते पाखरू म्हणजे सासरे होते. बैलांना पाणी दाखवताना माझे वडीलही शीळ घालायचे, जनावराला त्यानं ओढ लागते. म्हातारीला जन्मभर त्या शिळेवर पाणी प्यायची सवय. कोमट पाणी मी बरोबर केलं होतं, बादली बरोबर धुतली होती. राहिलं होतं ते हेच, आणि हे एक सासऱ्यांना मला सांगता येत नव्हतं. गाढवीमार्फतसुद्धा नाही. सुनेला शीळ घाल म्हणून कोण सांगतं?

बाईमाणसानं शीळ घालायची नसते. मला घालता यायची. लहानपणी भावाबरोबर शिकले होते आणि त्यापायी आईच्या हातचा मारही खाल्ला होता. मी उठून चुलत सासूकडे गेले, तिला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या तोंडात दात न्हाईत बाई, मी काय वाजवू? अन् तू वाजवशील तर गावात तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई." दारावरून जाणाऱ्या एखाद्या बाप्याला बोलवावं म्हटलं तर त्या धुक्यात कुत्रंही फिरत नव्हतं.

मी परत येऊन बसले. म्हातारीच्या नाकपुड्या सुकून भेगाळल्या होत्या. ओसरीवर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, माझा सासरा जागा होता. मी पदर पुढं ओढला, अगदी हनुवटीपर्यंत, आणि पदराच्या आत ओठ जुळवले. लाजेनं कानशिलं तापली. पहिल्यांदा माझाही नुसता वारा निघाला. मग बारीक शीळ आली.

म्हातारीचे कान उभे राहिले. पण शीळ लुगड्यात अडकत होती, दबकी आणि भलतीच निघत होती. तिनं कान फिरवले, शोधलं, आणि पुन्हा मान खाली घातली. म्हणजे तोंडावरचा पदर काढावा लागणार होता. मी वळून ओसरीकडे पाहिलं. सासरे माझ्याकडेच बघत होते. त्या घरात आल्यापासून आमची नजरानजर झाली ती तेव्हा पहिल्यांदा.

त्यांनी उशाची घोंगडी ओढली, स्वतःच्या डोक्यावरून घेतली, तोंड झाकलं आणि भिंतीकडे वळून निजले.

मी पदर खांद्यावर टाकला. उघड्या तोंडानं, भरल्या छातीनं शीळ घातली, जशी ऐकली होती तशी, वर नेऊन सावकाश उतरवत. धुक्यात ती केवढी तरी लांब गेली. म्हातारी पुढं आली. तिनं नाक बुडवलं, काढलं, फुरफुरली, आणि मग तिच्या गळ्यातून पाणी उतरताना दिसायला लागलं. एक घोट, मग दुसरा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ओठ थरथरले आणि शीळ मोडली.

घोंगडीच्या आतून आवाज आला. "थांबू नको पोरी. पिऊन राह्यली ती."