एका हाताचा शर्ट

बटणकाकूंना हे नाव कुणी दिलं ते त्या इमारतीत आता कुणालाच सांगता यायचं नाही. खरं नाव विचारलंत तर शेजारीपाजारी एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. काकूंची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीत गेली. पेशंटचे झगे, पडदे, अभ्रे, ज्याचा म्हणून बंद तुटला, हूक निसटला, टिचबटण धुण्यात चेपलं, ते सगळं त्यांच्या टेबलावर यायचं आणि धड होऊन परत जायचं. निवृत्त होताना लोकांना घड्याळ नाहीतर शाल मिळते. काकूंनी खोलीतला बटणांचा पत्र्याचा डबा मागून घेतला, आणि डबा घरी आला तशी इमारतीतल्या सगळ्या मोडक्यातोडक्या वस्तूही त्यांच्या दाराशी यायला लागल्या.

दप्तराची चेन मिटत नाही, डब्याची कडी बसत नाही, कपाटाची खिट्टी लटकतेय, कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्प्रिंग उडाली, सगळ्याला औषध एकच: काकू. लोक बॅग टाकायला निघायचे आणि काकू त्यांच्यावर डाफरायच्या.

"अगं, बॅग कुठे म्हातारी झालीय? रनर सैल झालाय नुसता. आण इकडे."

मग पक्कडीनं रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायच्या, चेन सर्रकन मिटायची आणि बॅग आणखी चार वर्षं जगायची. आता अशा बाईच्या स्वतःच्या चपलांची बकलं तुटलेली असावीत, आणि त्या जागी दोन सेफ्टी पिना असाव्यात, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुणी टोकलं तर काकू म्हणायच्या, "माझं काय, चाललंय की." खरं म्हणजे बकल लावायला वाकायचं, तर गुडघे आधीच कुरकुरत होते. पिन लावलेली चप्पल तशीच पायात सरकवता यायची.

काकूंचे यजमान बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. गडी मोठा टापटिपीचा. उन्हाळा असो की काही असो, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं असायचं. एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकिटं फाडण्यात उमर गेलेली, त्यामुळे घरात कुणी मदतीला पुढे झालं की म्हणायचे, "आपला हात जगन्नाथ!"

आणि नेमका तो हातच गेला. एका सकाळी दाढी करताना ते न्हाणीघरात कोसळले आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळातून घरी आल्यावर पाय हळूहळू वळणावर आला, डाव्या हातात काठी घेऊन ते घरातल्या घरात फिरायला लागले. हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक दिवस दोघांना समोर बसवून स्पष्टच सांगितलं.

"काका, खिडकीपासून मोरीपर्यंत चालून भागायचं नाही. जिना उतरा, रस्त्यावर चाला, रोज. नाहीतर हा आलेला पाय पुन्हा आखडेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

कंडक्टरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीतून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी रागावून पाहिलं, गोडीत घेऊन पाहिलं, शेवटी त्यांच्या तोंडून कारण बाहेर पडलं.

"बनियनवर मी रस्त्यावर जाणार नाही."

"मग शर्ट घाला ना. मी लावते बटणं."

"दुसऱ्यानं बटणं लावायची ती एकतर तान्ह्या बाळाची, नाहीतर मढ्याची. मी अजून दोन्ही नाही."

काकूंच्या जिवाला घोर लागला. जगाचे बंद आपण जोडायचे आणि नवऱ्याचा पाय एका शर्टापायी घालवायचा, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांनी डबा उघडला.

कंडक्टरांचा निळ्या रेघांचा आवडता शर्ट त्यांनी पाठीवर मधोमध कापला. कडा दुमडून शिवल्या, मानेशी आणि कमरेशी मऊ बंद लावले आणि पुढची बटणं काजांत घालून वरून शिवून टाकली. समोरून बघाल तर शर्ट जसाच्या तसा. हात पुढे केले, मागून दोन गाठी मारल्या, की झालं! काकू स्वतःवरच खूष होत्या.

"हात पुढे करा बघू."

कंडक्टरांनी डावा केला, उजवा काकूंनी उचलून बाहीत घातला. आरशात बघितलं तर बटणं लावलेला, कॉलर ताठ असलेला त्यांचा जुना शर्ट. चेहरा खुलला. मग त्यांचा डावा हात मानेमागे गेला आणि बोटांना बंद लागले.

"हा झगा आहे," ते म्हणाले. "इस्पितळातला."

"अहो, समोरून कुणाला कळतंय?"

"मला पुन्हा पेशंट केलंस तू."

ते शर्ट काढायला लागले. पण बंद मागे, हात एक. ओढलं, हिसडलं, गाठ आणखी आवळली. शेवटी ते थांबले आणि मान खाली घालून उभे राहिले, आणि काकूंना मागे जाऊन गाठी सोडाव्या लागल्या. भांडण झालं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुपारभर त्या तो शर्ट मांडीवर घेऊन बसल्या. शिवणखोलीतल्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्या मुकादमीणबाईंनी सांगितलेला नियम त्यांना आठवला: बंद नेहमी सिस्टरच्या हाताला यायला हवेत. काकूंनी तो नियम इमानानं पाळला, आणि चूक त्यातच होती. इतके झगे शिवले, पण प्रत्येक वेळी विचार केला तो घालणाऱ्याचा नव्हे, घालून देणाऱ्याचा. आत जो माणूस असतो, त्याच्या हाताचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. काकूंना फार वाईट वाटलं. पण रडत बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला उजवा हात टॉवेलनं कमरेशी बांधून टाकला आणि कामाला लागल्या. साखरेचा डबा उघडायला गेल्या तर डबाच गोल गोल फिरायला लागला. गॅस पेटेना. दाराची कडी वर करावी तर दार मागे पळे. चिमटा उघडला तर कपडा पडे, कपडा धरला तर चिमटा. काकूंच्या नाकी नऊ आले. खुर्चीतून कंडक्टर टक लावून बघत होते.

"हाताला काय झालं तुझ्या?"

"काही नाही. बघतेय."

"काय बघतेस?"

"तुमचं कसं चालतं ते."

काकू पुन्हा त्या साखरेच्या डब्याशी झटापट करायला लागल्या, तेव्हा मात्र कंडक्टरांना राहवेना.

"अगं वेडे, पोटाशी दाबून धर तो. आणि झाकण नको फिरवू, डबा फिरव. हां! आता कसं!"

झाकण निघालं, अर्धी साखर ओट्यावर सांडली आणि कंडक्टर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच असे खदखदून हसले. एका हातानं जगण्याच्या शाळेत ते काकूंपेक्षा कितीतरी वरच्या वर्गात होते, आणि आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून शिवण काकूंची आणि हुकूम कंडक्टरांचा. मोरीच्या दाराला कडीऐवजी सरकती खिट्टी बसली. चिमट्यांपैकी सैल स्प्रिंगचे तेवढे उरले. मग शर्ट. काकूंनी आधी वेल्क्रो लावून दाखवला. कंडक्टरांनी तो ओढला, चर्रर्र आवाज झाला.

"नको. मित्रांमध्ये बसलो आणि शर्ट फाटल्यासारखं वाटलं तर?"

म्हणून टिचबटणं. तीही मोठी, आणि खालच्या पट्टीत जाड कापड घातलेलं, म्हणजे अंगठ्यानं छातीवर दाबलं की बसावीत. वर शोभेला जुनी बटणं तशीच. डाव्या मनगटाचं बटण डाव्या हातानं कोण लावणार? ते इलास्टिकच्या दोऱ्यावर शिवलं, हात आपसूक आत जाईल असं. पँटच्या चेनला किल्ल्यांची कडी अडकवली, बोट घालून ओढायला. आणि हातात काठी असताना घराची किल्ली कशी धरायची, म्हणून एका जुन्या बॅगेच्या पट्ट्याचा स्प्रिंगचा हूक काढून कमरेशी पक्का शिवला.

शर्ट तयार झाला त्या सकाळी कंडक्टर म्हणाले, "तू स्वयंपाकघरात जा. आणि हाक मारल्याशिवाय येऊ नकोस."

काकू गेल्या. ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. बराच वेळ नुसतीच खुडबुड. मग टिच. मग एक शिवी. मग काठी पडल्याचा आवाज. काकूंनी ओट्याची कड घट्ट धरली. धावत जायला पाय आसुसले होते, पण त्या गेल्या नाहीत. टिच. पुन्हा टिच. मग मोठी शांतता, आणि शेवटी गळ्याजवळचं, अगदी हलकं.

"ये आता."

कंडक्टर दारात उभे होते. घामानं डबडबलेले, कॉलर ताठ. आणि एक टिचबटण चुकलेलं, त्यामुळे शर्टाचं डावं टोक उजव्यापेक्षा चांगलं दोन बोटं खाली आलेलं. उभ्या जन्मात काकूंनी असा शर्ट कुणाच्या अंगावर राहू दिला नव्हता. त्यांचे हात शिवशिवले. त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले.

"छान दिसताय," त्या म्हणाल्या.

"जाऊन येतो. मागे येऊ नकोस."

काठी एकेक पायरी उतरत गेली. काकू खिडकीशी धावल्या. मित्रांचा कट्टा डावीकडे, आणि कंडक्टर वळले उजवीकडे. उजवीकडे रहदारी, उजवीकडे उकरलेला रस्ता! कसलं येऊ नकोस अन् काय, म्हणत काकू दाराशी गेल्या. बघतात तर चप्पल एकच. दुसरी कुठेच नाही. अनवाणी गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. पण मघाशी पाठीमागे धरलेले हात त्यांना आठवले आणि त्या उंबऱ्यातच बसल्या.

वाट बघणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. अखेर जिन्यात काठी वाजली. थांबली. पुन्हा वाजली. कंडक्टर धापा टाकत वर आले, शर्ट तसाच वाकडा, आणि कमरेच्या हुकाला किल्लीशेजारी काकूंची चप्पल लटकत होती.

"घालून बघ."

सेफ्टी पिन गेली होती. बकलही नव्हतं. त्या जागी रुंद इलास्टिकचा पट्टा होता, पाय घातला की बसणारा.

"कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याकडे चांगली बकलं होती," कंडक्टर म्हणाले. "पण मी नको म्हटलं. तुला वाकता येत नाही. खुर्चीत बसून दुसरं काय करतो मी? रोज बघतो."

काकूंनी उभ्याउभ्याच पाय आत घातला. चप्पल बसली. साऱ्या जगाचं सुटलेलं त्यांनी बसवून दिलं होतं, पण त्यांचं अडतंय कुठे, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचे आणि त्याच्या त्या पायाचे उपकार कसे मानावेत ते त्यांना सुचेना. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग नाक पुसून म्हणाल्या, "पण एकच का नेलीत?"

"हुकाला एकच मावली."

"काहीतरीच! दोन्हींचे पट्टे अडकले असते त्यात. हूक मी शिवलाय."

कंडक्टर खुर्चीत टेकले. डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"अडकले असते," ते म्हणाले. "पण मग उद्या कशाला बाहेर पडलो असतो?"

काकूंनी दुसरी चप्पल उचलली, तिची सेफ्टी पिन काढून डब्यात टाकली आणि चप्पल काठीच्या शेजारी ठेवून दिली.