कोलंबीची सोलणी आणि माझं शूटिंग

त्या काळात मला स्वस्थ बसवत नसे. आता गुडघ्यांनी बसवलंय, ते वेगळं. वसईजवळच्या आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावत असे आणि समोर टीव्हीवर दुपारभर त्या लांबलचक जाहिराती चालत. पोट आत घेणारा पट्टा, भाज्या चिरणारा डबा, फोन करा, घरपोच मिळेल. सुरुवातीला एक बाई रडकुंडीला आलेली, चित्र ब्लॅक अँड व्हाइट. वस्तू हातात आली की बाई हसरी आणि चित्र रंगीत. मला वाटायचं, एवढंच? हे तर मलाही सुचेल. आपली एक वस्तू चालली की फॉलची सुई पुन्हा हातात धरायची नाही, हे मी ठरवूनही टाकलं. वस्तू तेवढी सुचायची होती.

सुचली ती कोलंबी सोलायची सोलणी. वाकवलेली तार आणि तिला प्लॅस्टिकची मूठ. एका टोकाने साल निघे, दुसऱ्याने पाठीतला काळा दोरा. वसईच्या एका वर्कशॉपमधून नमुने करून घेतले आणि जाहिराती बनवणाऱ्या एका कंपनीच्या मागे लागले. फोन वाजला की पोळी तव्यावर टाकून धावायची. पलीकडून कोणीतरी विचारायचं, "काकू, साडी झाली का?"

शेवटी बोलावणं आलं. कळंबला कॉटेज भाड्याने घेऊन ते दिवसभरात बऱ्याच वस्तूंचं शूटिंग उरकणार होते. नीट झालं तर दाखवू, नाहीतर विसरा, असं डायरेक्टरने आधीच बजावलं होतं. मी सकाळीच पाचूबंदरावरून परातभर टपोरी कोलंबी आणली. सोबत सासूबाई. नको म्हटलं असतं तरी त्या आल्याच असत्या.

मला वाटलं होतं, शोध लावणारी बाई म्हणून मी बोलणार. सगळं पाठ केलं होतं. डायरेक्टरने मला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बसवलं. रंगीत भागासाठी लिपस्टिक लावलेली एक मुलगी आणली होती.

"मावशी, सुरीने सोला. जमत नाहीये, वैतागलात, असं दाखवा."

वैतागलेलं तोंड मला छान जमलं. सवय होती. पण हात ऐकेनात. डोकं मोडलं, साल ओढली, दोरा काढला, पुढची.

"कट. मावशी, हळू."

"हळूच करतेय."

"डाव्या हाताने बघा."

डाव्यानेही होत होतं. मागून सासूबाई म्हणाल्या, "लग्न होऊन आली तेव्हा बोलवायचं होतं हिला. एका कोलंबीला अर्धा तास लावायची. तेव्हा काय फिल्लम झाली असती."

कॅमेरावाल्याला हसू आवरेना. मग त्या मुलीने सोलणी घेतली. कोलंबी स्वच्छ निघत होती, पण सावकाश, नखं जपत. डायरेक्टरने दोन्ही तुकडे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिले.

"ब्लॅक अँड व्हाइटवाली जिंकतेय," तो म्हणाला. "हे दाखवलं तर लोक सुरी मागवतील."

माझ्या डोळ्यांपुढे फॉलच फॉल. "तिला सवय नाही," मी म्हटलं. "सोलणी मी चालवते."

"आणि सुरीने कोण?"

"आमच्या सासूबाई."

सत्तरी उलटलेली, मोतीबिंदू झालेली बाई. हरणारच. तरी त्यांचा हात भराभर चालायला नको म्हणून मी देवाला नारळ बोलले, आणि जमलंच तर त्यांचं बोट जरासं कापू दे, हेही सुचवून ठेवलं.

सासूबाईंनी सुरी बाजूला सारली. "ही कशाला मध्ये?" आणि नखाने सुरुवात केली.

मी मान खाली घालून सोलत सुटले. त्यांचा ढीग वाढतोय हे न बघताही कळत होतं. मी जोर लावला. अजून लावला. मग माझाही ढीग भराभरा वाढायला लागला, त्यांच्या बरोबरीला आला. मनात म्हटलं, बघा, चालते की नाही माझी सोलणी. मोठ्या तोऱ्यात वर पाहिलं, तर डायरेक्टर खाली फरशीकडे बघत होता.

सोलणी माझ्या पायाशी पडली होती. कधी टाकली, कोण जाणे.

"कट," तो हळूच म्हणाला. दिवे विझवायला लागले. सासूबाई थांबल्या नाहीत. मीही नाही. अर्धी परात अजून बाकी होती.